डिस्कवर जागा शिल्लक नाही

असल्या गोष्टी रात्रीच घडतात असं म्हणतात.

ही भर दुपारी सुरू झाली. बाहेर बर्फावर ऊन इतकं लखलखत होतं की डोळे उघडे ठेवता येत नव्हते. आणि ती मी कुणाच्या तोंडून ऐकलेली नाही. त्या खोलीत, त्या खुर्चीवर मी स्वतः बसलो होतो.

विश्वास ठेवायचा तर ठेवा. माझ्या बायकोने ठेवलेला नाही.

गेल्याच्या आदल्या हिवाळ्यातली, फेब्रुवारी संपत आला होता तेव्हाची गोष्ट. मी इरिसबेक, नारिन शहरात राहतो. डोंगरापलीकडच्या गावांतल्या दवाखान्यांचे कॉम्प्युटर चालू ठेवणं हे माझं काम. ज्या प्रसूतिगृहात हे घडलं त्याचं नाव सांगणार नाही. तिथे अजून बायका बाळंत होतात, त्यांना कशाला घाबरवू? एवढंच सांगतो की सीमेकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक घाट चढून उतरलं की ते गाव लागतं. आणि हिवाळ्यात तो घाट कधी बंद होईल याचा नेम नसतो.

सकाळीच बुरुल एजेंचा फोन आला. एजे म्हणजे आमच्याकडे ताई; त्या तिथल्या एकुलत्या एक डॉक्टर. माझ्या आईपेक्षा थोड्या लहान, बोलणं मात्र आईपेक्षा कडक.

"इरिस, तुझी डिस्क परत भरली," त्या म्हणाल्या.

माझी डिस्क. जणू मी घरून नेऊन ठेवली होती.

त्याच महिन्यात मी तिथे जाऊन आलो होतो. जुनी चित्रं उडवून चांगली ऐसपैस जागा करून दिली होती. वर्षभर बघायला नको, असं छातीठोक सांगूनही आलो होतो. आणि आता परत तेच! हाडं गोठवणाऱ्या थंडीत, पाव पोचवणाऱ्या गाडीत ट्रेच्या मध्ये बसून मी घाट ओलांडला. अख्खा रस्ता मनातल्या मनात शिव्या देत होतो.

प्रकार काय होता ते आधी सांगतो. तिथल्या सोनोग्राफीच्या मशीनला स्वतःचं डोकं नाही. ते एका साध्या कॉम्प्युटरला जोडलेलं आहे. कॉम्प्युटरवर लिनक्स. त्याच्या डिस्कचे तीन कप्पे पाडलेले. एकात लिनक्स राहतं, एकात पोटातल्या बाळांची चित्रं साठतात, आणि तिसरा, सगळ्यात मोठा, जुन्या विंडोजचा. तो वर्षानुवर्षं कुणी उघडलेला नाही. चित्रांचा कप्पा काठोकाठ भरला की सोनोग्राफीचा प्रोग्राम सुरूच होत नाही. काळ्या पडद्यावर एक ओळ येते, बस्स.

डिस्कवर जागा शिल्लक नाही.

मी पोचलो तेव्हा ती ओळ माझी वाट बघत होती.

मी आल्या आल्या नर्सवर घसरलो. कनिशाय तिचं नाव, तिखट पोरगी. म्हटलं, सिनेमे भरता का यात? कुणाच्या लग्नाचे व्हिडिओ? एवढी जागा जाते कुठे? आणि कीबोर्ड तेलकट कशानं झालाय?

"बाइके, इथे बायका कळा देतात. सिनेमे बघायला फुरसत कुणाला आहे?" ती म्हणाली. बाइके म्हणजे आमच्याकडे दादा. "आणि तेल बोरसोक तळल्याचं आहे. काल गुरुवार होता. मेलेल्यांसाठी कढई तापवली."

गुरुवारी मेलेल्यांच्या नावाने कणकेचे हे तुकडे तळायची आमच्याकडे रीत आहे. कोण मेलंय, मी विचारलं.

ती चहा आणायला निघून गेली.

बाहेरच्या बाकावर एक बाई बसली होती. असिलकान, एका मेंढपाळाची बायको. पहिलटकरीण. नवऱ्याचा जाड कोट अंगावर, दोन्ही हात पोटावर. सकाळपासून कळा सुरू होत्या आणि थोडं रक्तही गेलं होतं. बुरुल एजेंनी मला कोपऱ्यात घेऊन सांगितलं की वार बाळाच्या वाटेत आडवी आली असेल तर हिला पोट उघडल्याशिवाय वाचवता येणार नाही, आणि ते फक्त नारिनला होतं. तसं नसेल तर या थंडीत कळा येणाऱ्या बाईला घाटातून नेणं हाच जीवाला धोका. कुठलं खरं, ते पोटातलं चित्रच सांगू शकतं. घाटावर ढग उतरायला लागले होते. जीपवाला म्हणत होता, अंधाराच्या आत काय ते ठरवा, नंतर मी जाणार नाही.

म्हणजे सगळं माझ्यावर. एका मूर्ख डिस्कवर.

मी चित्रांचा कप्पा उघडला. आतल्या फाईली बघून डोकंच फिरलं. हजारो. आणि सगळ्यांत तेच चित्र. एकच बाळ, कुशीवर वळलेलं, एक हात कानापाशी. पेशंटचं नाव... कोरं.

मला हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू. प्रोग्रामच्या चुकीने एकच चित्र पुन्हा पुन्हा साठवलं जातंय, इतकंच. सगळी उडवली. कप्पा निम्म्याहून जास्त मोकळा झाला. कनिशायने चहाची वाटी पुढे केली, मी ती घ्यायला वळलो, एक घोट घेतला आणि परत पडद्याकडे पाहिलं.

भरलेला.

परत उडवली. परत भरला.

"बाइके, तुम्ही जागा करताय की खाताय?" कनिशाय म्हणाली. हसत नव्हती.

मग मी हट्टाला पेटलो. म्हटलं, भरायचंय ना, भर. विंडोजचा तो मोठा कप्पा आकसून टाकायचा आणि त्याची जागा काढून चित्रांच्या कप्प्याला जोडायची. इतकी जागा करतो की भरता भरता तुझा दम निघेल. हे काम डिस्क चालू असताना करता येत नाही. घरात माणसं असताना भिंत सरकवता येत नाही, तसं. म्हणून पेनड्राइव्हवरचं वेगळं लिनक्स लावायचं. डिस्कला हात न लावता त्यावर कॉम्प्युटर सुरू करायचा, मग बाहेरून भिंत सरकवायची. आधी आतला पसारा एका बाजूला आवरायचा, मग कप्पा कापायचा. मध्येच वीज गेली तर दोन्ही कप्प्यांचा चुराडा. आणि तिथली वीज कशी, ते तिथले लोकच जाणोत.

काम सुरू केलं. पडद्यावरची निळी पट्टी गोगलगायीसारखी सरकायला लागली.

दिवा फडफडला. मी श्वास धरून बसलो. दिवा सावरला.

आणि त्या शांततेत मला ऐकू आलं...

धड धड धड धड.

बारीक. भराभर. ओल्या कपड्याआडून कुणी बोटं वाजवावीत तसं.

मला वाटलं, मागचा जनरेटर. खिडकीतून बघितलं. जनरेटर बर्फात गाडलेला होता, कुणी हातही लावला नव्हता. गावातली कुत्री, जी मी आल्यापासून भुंकत होती, तीही गप्प झाली होती. शेगडीतला कोळसा तडतडत होता, तोसुद्धा थांबला.

फक्त तो आवाज. कॉम्प्युटरच्या स्पीकरमधून.

पण सोनोग्राफीचा प्रोग्राम त्या डिस्कवर होता. त्या डिस्कवरचं लिनक्स या क्षणी बंद होतं. मीच बंद ठेवलं होतं.

कनिशाय दारात उभी होती. 

"हा पोटातल्या बाळाचा ठोका आहे," ती हळूच म्हणाली. "मोठ्या माणसाचा इतका जलद नसतो."

मी चिडून स्पीकरची वायर उपटली.

आवाज चालूच राहिला.

भीती नंतर वाटली. त्या वेळी मला संताप आला होता. इतक्या लांबून आलोय, बाहेर एक बाई कण्हते आहे, आणि हे मशीन माझी चेष्टा करतंय! मी टेबलावर मूठ आपटली. तेवढ्यात निळी पट्टी टोकाला पोचली. काम पूर्ण. आवाज बंद झाला. कुत्री भुंकायला लागली.

मी पेनड्राइव्ह काढला, कॉम्प्युटर नेहमीसारखा सुरू केला. कप्पा तिप्पट मोठा झाला होता. माझं गणित बरोबर होतं, भिंत बरोबर सरकली होती.

आणि कप्पा काठोकाठ भरलेला होता.

डिस्कवर जागा शिल्लक नाही.

मी नव्या फाईलींच्या वेळा बघितल्या. सगळ्या आत्ताच्या. मी भिंत सरकवत होतो, प्रोग्राम बंद होता, कुणालाच काही लिहिता येणं शक्य नव्हतं, त्या वेळच्या. 

मी मशीनकडे वळलो. पोटावर फिरवतात तो दांडा त्याच्या आकड्याला लटकलेला होता. आज कुणी त्याला हात लावला नव्हता. मी तो उचलला.

टोकाला जेल होतं. ताजं.

आणि ते... कोमट होतं.

मी बुरुल एजेंना हाक मारली. त्या आल्या, हात पुसत, वैतागलेल्या. झालं का, म्हणाल्या. मी पडद्यावर चित्र उघडून दाखवलं. त्यांनी चष्मा लावला. वाकून पाहिलं. मग खुर्ची ओढून बसल्या. त्यांना कधी बसलेलं मी पाहिलं नव्हतं.

"सातवा महिना," त्या म्हणाल्या. मग पडद्यावर बोट ठेवून, "हा हात मी पाहिलाय."

पुढचं त्यांनी तुटक तुटक सांगितलं. आदल्या हिवाळ्यात तोरगोय नावाची एक बाई आली होती, वरच्या कुरणाकडची. दिवस भरायला अवकाश होता, पण रक्त जात होतं. त्यांनी हेच मशीन लावून पाहिलं. बाळ ठीक होतं, कानापाशी हात घेऊन झोपलेलं. त्या दिवसांत एका खोलीची शेगडी फुटली होती, सगळ्या बाळंतिणी दुसऱ्या खोलीत कोंबल्या होत्या, जमिनीवरसुद्धा गाद्या.

"मी तिला म्हटलं, इथे जागा नाही. नारिनला जा. ती म्हणाली, एजे, मी दाराशी बसेन. मी म्हटलं, दाराशीही जागा नाही."

घाटात जीप अडकली. बर्फ उपसून रस्ता मोकळा होईपर्यंत तोरगोय राहिली नाही. बाळही नाही.

कनिशाय दाराला टेकून रडत होती. तेव्हा मला कळलं की कढई कुणासाठी तापली होती.

 मी यंत्राचा माणूस. मी म्हटलं, एजे, वाईट झालं, पण याचा त्याच्याशी संबंध नाही. ही प्रोग्रामची चूक आहे. मी सगळं पुसून नव्याने बसवतो, जरा जास्त वेळ लागेल. बाहेरून असिलकानचं विव्हळणं ऐकू आलं. जीपवाल्याने हॉर्न वाजवला. घाट आता दिसतच नव्हता.

"पुसू नको," एजे म्हणाल्या. "तिला जागा दे."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. त्यांनी परत सांगितलं, हळू आवाजात, पेशंटला समजावतात तसं. विंडोजचा कप्पा कुणाला हवाय? तो काढून टाक. त्या जागेवर तिचा वेगळा कप्पा कर. तिच्या एकटीचा.

मी वाद घातला. म्हटलं, कप्पा केला तरी तो कशाला जोडलेला नसेल, त्यात कुणी काही ठेवूच शकणार नाही. खोली बांधायची आणि दारच ठेवायचं नाही, असला तो प्रकार. त्या म्हणाल्या, दाराची काळजी तू करू नको. शहाणी, शिकलेली बाई, आणि असं बोलत होती. रागाने माझे कान तापले. पण दुसरा मार्ग तरी कुठे होता? पेनड्राइव्ह परत लावला. विंडोज उडवलं. मोकळ्या जागेत नवा कप्पा पाडला.

कॉम्प्युटरने कप्प्याचं नाव विचारलं.

मी एजेंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली.

मी टाइप केलं. तोरगोय.

कळ दाबताना माझी बोटं कीबोर्डला चिकटल्यासारखी झाली होती. ती तेलामुळे, असं मी स्वतःला सांगितलं.

मग नेहमीचं लिनक्स सुरू केलं आणि चित्रांच्या कप्प्यात पाहिलं.

रिकामा.

मी एकही फाईल उडवली नव्हती. एकही. हजारो चित्रं होती, आणि आता जुन्या बायकांची मोजकी चित्रं सोडून काहीच नव्हतं. मी वाट बघत राहिलो. चहा थंड झाला. जागा जशीच्या तशी.

सोनोग्राफीचा प्रोग्राम पहिल्याच फटक्यात उघडला.

असिलकानला आत घेतलं. एजेंनी तिच्या पोटावर दांडा ठेवला. मी पाठ फिरवून उभा होतो. तो ठोका परत ऐकू आला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला, पण हा वेगळा होता, दणकट. एजे म्हणाल्या की वार वरती आहे, वाट मोकळी आहे, डोकं खाली आहे. कुठेही जायचं नाही. जीपवाल्याला घरी पाठवा.

असिलकानने घाबरत विचारलं की इथे जागा आहे का.

"आहे," एजे म्हणाल्या. आणि त्यांनी तोंड फिरवलं.

ती तिथेच बाळंत झाली. मुलगी. घाट बंद असल्यामुळे मीही तिथेच अडकलो होतो, त्यामुळे बाळाच्या नावाने शिजवलेलं मटण मलाही मिळालं.

इथेच हे संपलं असतं तर मी कुणाला सांगितलं नसतं.

पुढच्या महिन्यात मी नेहमीच्या तपासणीला गेलो. राहवेना म्हणून तो तोरगोयचा कप्पा जोडून बघितला. आपण रिकामी खोली बांधली ती रिकामीच आहे, एवढं एकदा डोळ्यांनी बघायचं होतं.

आत चित्रं होती. आता हजारो नव्हती. थोडीच, सावकाश ठेवलेली.

तेच बाळ. पण हात कानापाशी नव्हता. हात छातीवर आला होता. आणि बाळ... मोठं झालं होतं.

मी एजेंना दाखवलं. आठवा महिना, त्या म्हणाल्या. मी कप्पा परत सोडवून ठेवला. 

त्यानंतर बर्फ वितळलं, घाट उघडला. मेंढ्या वर जायला लागल्या तेव्हा मी पुन्हा गेलो. जायचं नव्हतं. माझ्याऐवजी दुसरा कुणी पाठवा म्हणून वरिष्ठांशी भांडलो, त्यांनी मला वेड्यात काढलं.

कप्प्यात एक नवं चित्र होतं. एकच. शेवटचं.

मला त्यात काही दिसेना. करड्या रंगाची पोकळी. फाईल बिघडली असेल, असं मी म्हटलं. एजेंनी चष्मा लावला, वाकून पाहिलं. त्यांनी आयुष्यभर अशी चित्रं पाहिली आहेत, त्यांना वेळ लागला नाही.

"बिघडलेलं नाही," त्या म्हणाल्या. "बाळंत झाल्यावर पोट असंच दिसतं."

 मी स्वतःला समजावत होतो की हे चांगलंच झालं. तिला जागा मिळाली, तिचे दिवस भरले, ती सुटली. आता पुढे काही येणार नाही. आणि खरंच, त्या कप्प्यात त्यानंतर एकही चित्र आलेलं नाही. मी दर वेळी बघतो.

त्या दिवशी निघताना कनिशाय मला जीपपर्यंत सोडायला आली. नेहमीसारखी बोलत नव्हती. मी विचारलं, काय झालं. ती म्हणाली, काही नाही बाइके, तुम्ही यंत्राचे माणूस, तुम्हाला काय सांगू. मी खोदून विचारलं.

मग तिने सांगितलं की शेगडीवरच्या दोरीला धुतलेले लंगोट टांगलेले असतात. रात्री झोपण्याआधी ती हात लावून बघते, सगळे कोरडे असतात. पण हल्ली रोज सकाळी त्यातला एक ओला असतो.

धुवून ओला झालेला नसतो, ती म्हणाली. वापरून ओला झालेला.

मी म्हटलं, इतकी बाळं असतात इथे, कुणीतरी वापरून परत टांगत असेल.



"बाइके," ती म्हणाली, "तीन आठवडे झाले, वॉर्डात एकही बाळंतीण नाही."